हॉल दहा बाय सोळाचा, स्पीकर कोणते?

नवी मुंबईतल्या ऐरोलीहून मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, स्पीकर बदलायचेत. तीन मॉडेल काढून ठेवलीत, त्यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा."

मी विचारलं, हॉल केवढा आहे? "हॉल म्हणजे... आहे तेवढाच आहे की." सोफ्याच्या मागे भिंत आहे की मोकळं? स्पीकर कुठे ठेवणार? अ‍ॅम्प्लिफायर कुठला? एकाचंही धड उत्तर मिळालं नाही. तिन्ही मॉडेलचे व्हिडिओ मात्र त्याला तोंडपाठ होते.

त्याला फोनवर जे सांगितलं आणि नंतर दोन रविवार ऐरोलीला जाऊन जे त्याच्याकडून करून घेतलं, ते इथे क्रमाने लिहितोय. मी काही साउंड इंजिनिअर नाही. ठाण्याच्या नौपाड्यात राहतो, तीस वर्षं गाणं ऐकतोय आणि स्पीकरच्या खरेदीत एकदा सणसणीत आपटलोय. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी जुन्यांची नाडी बघा

नवीन घ्यायचे ठरवण्याआधी जुन्यांचं नेमकं काय बिघडलंय ते तपासा. पुढची जाळी काढा. वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, शंकूभोवती एक मऊ गोलाकार कडा असते, तिला हलकेच बोट लावा. मेहुण्याच्या स्पीकरची कडा काळ्या ओल्या भुशासारखी बोटाला चिकटून आली. ही फोमची कडा. आपल्याकडच्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत ती विरते, मग वूफर फरफरायला लागतो आणि खर्ज निघून जातो. कडा रबराची असेल तर ती कितीतरी जास्त टिकते. नवीन जोडी बघताना हे पहिलं लक्षात ठेवा, रबराची कडा मागा. जुन्या स्पीकरवर जीव असेल तर कडा बदलून देणारे कारागीर आहेत, आणि तो खर्च नव्या जोडीच्या मानाने किरकोळ असतो.

कडा ठीक असेल तर वायर बघा. लाल टोक लालला आणि काळं काळ्याला दोन्हीकडे लागलंय का? एका स्पीकरची टोकं उलटी लागली असतील तर दोन्ही वूफर एकमेकांच्या विरुद्ध हलतात, खर्ज पातळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. गंमत म्हणजे बऱ्याच लोकांना तो "मोठा साउंड" वाटतो. वायरवर खूण नसेल तर ती अ‍ॅम्पमधून काढा आणि दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक ज्या तारेला लावल्यावर वूफर बाहेर उडी मारतो, ती तार लाल. क्षणभरच टेकवायचं, धरून ठेवायचं नाही.

मग जुने स्पीकर कोपऱ्यातून काढा, भिंतीपासून फूटभर पुढे आणा, कानाच्या उंचीवर ठेवा आणि आठ दिवस ऐका. माझ्या ओळखीच्या दोघांचा खरेदीचा विचार इथेच संपला. मेहुण्याचा संपला नाही, कारण त्याच्या स्पीकरची कडाच हातात आली होती.

टेप घ्या

मापाची टेप घेऊन हॉलची लांबी, रुंदी आणि उंची कागदावर लिहा. फूटच बरे, बिल्डरही तेच बोलतो. मेहुण्याचा हॉल निघाला दहा बाय सोळा, उंची साडेनऊ.

आता जरा गणित. ध्वनी एका सेकंदात साधारण ११२५ फूट जातो. या आकड्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागलं की कुठल्या कंपनसंख्येला ती खोली स्वतःच घुमणार ते कळतं. सोळा फुटांना येतात ३५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ३५ कंपनं), दहा फुटांना ५६, साडेनऊ फुटांना ५९. शेवटचे दोन आकडे बघा, जवळजवळ सारखेच आहेत. ठाणे काय, नवी मुंबई काय, फ्लॅटचा हॉल दहा फूट रुंद आणि साडेनऊ-दहा फूट उंच असणं हे इतकं सर्रास आहे की आपल्यातल्या अनेकांच्या घरात ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपास दोन घुमारे एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला वाजते, म्हणजे याच्या जरासंच वर. पखवाजाची थाप पडली की तिच्या मागे जी गुंगुं रेंगाळते आणि पुढचे बोल खाऊन टाकते, त्यात स्पीकरइतकाच तुमच्या भिंतींचा हात असतो.

म्हणून अशा हॉलमध्ये खूप खोल जाणारा मोठा स्पीकर आणणं म्हणजे आधीच घुमणाऱ्या माठात तोंड घालून बोलणं. पाच ते साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर किंवा फळीवर ठेवायचा छोटा स्पीकर, जो प्रामाणिकपणे ५०-५५ हर्ट्झपर्यंत उतरतो, तो दहा बाय सोळाला पुरतो. उरलेलं खोली स्वतःच भरून काढते. हॉल आणि जेवणाची जागा सलग असेल, मिळून तीनशे चौरस फुटांवर जात असेल, तर टॉवरचा, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरचा, किंवा बुकशेल्फसोबत नुसता खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या डब्याचा, म्हणजे सबवूफरचा, विचार करायला हरकत नाही.

आता हॉलच्या मधोमध उभे राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीच्या मागून "ट्रिंऽऽग" अशी धातूसारखी शेपटी आली तर समजा की व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची स्लायडिंग आणि उघड्या भिंती मिळून वरचे स्वर उसळवताहेत. या खोलीत कुठलाही स्पीकर कर्कश वाटेल, महागडा जरा जास्तच, कारण तो काही लपवत नाही. सोफा आणि स्पीकर यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, स्लायडिंगला जाड पडदे लावा, रिकाम्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावता आलं तर सोन्याहून पिवळं. मेहुण्याकडे आम्ही सासूबाईंच्या दोन जुन्या गोधड्या एकावर एक टाकून टाळी वाजवली. शेपटी निम्म्यावर आली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी तुम्ही ठाण्याहून आलात?"

जागा आधी, स्पीकर मागून

बहुतेक जण स्पीकर घेऊन येतात आणि मग ठेवायला जागा शोधतात. उलट करा. तुमची बसायची जागा आणि दोन स्पीकर यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. मेहुण्याचा टीव्ही सोळा फुटी भिंतीवर आणि सोफा समोर, म्हणजे कानापासून स्पीकर आठ फुटांवर. तेव्हा दोन स्पीकरमध्ये सात ते आठ फूट अंतर हवं. टीव्ही युनिटवर ते बसत नव्हतं. आम्ही वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचून दोन्ही बाजूंना नकली स्पीकर उभे केले आणि दोन दिवस तसेच राहू दिले. बाल्कनीचं दार उघडतं का, केरसुणी फिरते का, पोरगी पळताना आपटते का, हे दोन दिवसांत कळतं.

ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. सोफ्यावर बसल्यावर तो कान जमिनीपासून तीन ते सव्वातीन फुटांवर असतो. टीव्ही युनिट दीड-दोन फुटांचंच असतं, म्हणून त्यावर स्पीकर ठेवलाच तर पुढची कड रबरी पाचर देऊन जरा वर उचला. दोन फुटी स्टँड घेतलात तर उत्तमच. स्टँड जड हवा, हलका स्टँड स्वतःच वाजतो.

मागची भिंत स्पीकरपासून किती अंतरावर आहे, यावर पुढची निवड ठरते. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरना हवा जाण्यासाठी एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. ते मागे असेल तर भिंतीपासून निदान फूटभर मोकळं हवं, नाहीतर खर्ज सुजतो. शोकेसच्या खणात किंवा भिंतीला टेकूनच ठेवणं भाग असेल तर पोर्ट पुढच्या बाजूला असलेला किंवा भोकच नसलेला, पूर्ण बंद स्पीकर निवडा. काही कंपन्या खोक्यात स्पंजचे बोळे देतात, मागचं भोक त्यांनी बुजवता येतं. वरवर फालतू वाटणारी ही वस्तू फ्लॅटवाल्यांना फार उपयोगी पडते.

आता माझी आपटण्याची गोष्ट. पंधरा वर्षांपूर्वी बोनसचे पैसे आले आणि मी साडेतीन फुटी टॉवर घेतले. दुकानाच्या मोठ्या खोलीत ते असे वाजले की अंगावर काटा आला. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये मागची पोर्ट भिंतीपासून जेमतेम चार इंचांवर आली. पहिल्याच संध्याकाळी तबल्याचा डग्गा म्हणजे कोणी पिंपावर बुक्की मारतंय असा वाजला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, चप्पल दाराबाहेर काढून शांतपणे म्हणाले, "आमच्या कपाटातली भांडी वाजतायत हो." दीड वर्ष मी स्वतःला समजावत राहिलो की स्पीकर "मोकळे" व्हायचेत अजून. शेवटी निम्म्या किमतीत दिले.

या मोकळं होण्याबद्दल तेवढंच सांगून टाकतो. नव्या वूफरची कडा सुरुवातीच्या काही तासांत जराशी सैल होते, हे खरं. पण जो स्पीकर दुकानात किंवा पहिल्या आठवड्यात आवडत नाही, तो शंभर तासांनी आवडला तर बहुधा कान सरावलेले असतात.

अ‍ॅम्पशी लग्न जुळतंय का

इथे तीन आकडे महत्त्वाचे.

पहिला ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा. स्पीकरच्या मागे ८, ६ किंवा ४ ओहम लिहिलेलं असतं. आकडा जितका लहान तितका स्पीकर अ‍ॅम्पकडून जास्त करंट ओढतो. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागे, स्पीकरच्या टर्मिनलजवळ, किमान किती ओहम चालेल ते छापलेलं असतं. तिथे "६ ते १६" असेल तर ४ ओहमचा स्पीकर कितीही आवडला तरी सोडून द्या. मोबाइलने त्या मागच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, दुकानात लागतो.

दुसरा सेन्सिटिव्हिटी, आणि हा सगळ्यात दुर्लक्षित. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते हा आकडा सांगतो. घरगुती स्पीकर साधारण ८४ ते ९० मध्ये असतात. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पच्या ताकदीत दुपटीचा फरक. ८५ चा स्पीकर जितक्या जोरात वाजायला चाळीस वॉट मागेल, तितक्या जोरात ८८ चा वीस वॉटमध्ये वाजेल. मेहुण्याचा हिशोब मांडून बघू. ८६ डेसिबलचा स्पीकर, अंतर आठ फूट. अंतरामुळे सात-आठ डेसिबल कमी झाले, दोन स्पीकर मिळून तीन परत आले. म्हणजे एका वॉटलाच कानाशी ८१-८२ डेसिबल. दहा वॉटला नव्वदीच्या पुढे, तेव्हा घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागेल. हॉलमध्ये खरे चाळीस-पन्नास वॉट रग्गड झाले.

तिसरा वॉट, आणि यात लोक सर्वांत जास्त फसतात. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सहन करू शकतो ते. १५० वॉटचा स्पीकर ८० वॉटच्या स्पीकरपेक्षा जोरात वाजतो असं मुळीच नाही. अ‍ॅम्पचे वॉट बघताना आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, तेवढेच बघा. पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या, हजारांच्या गोष्टी दिवाळी सेलच्या बॅनरवर शोभतात. अजून एक उलटा गैरसमज आहे, की छोट्या अ‍ॅम्पने स्पीकर जळत नाही. जळतो. अ‍ॅम्पची ताकद संपल्यावरही नॉब पिळत राहिलात तर आवाजाच्या लाटांचे माथे छाटले जातात आणि त्यातून निघणारी जादा ऊर्जा ट्वीटर खलास करते. फाटलेला आवाज ऐकू आला की हात मागे.

अ‍ॅम्प जुनाच असेल आणि तोही बदलायच्या लायकीचा झाला असेल तर अ‍ॅक्टिव्ह स्पीकरचा विचार करा. त्यांच्या पोटातच अ‍ॅम्प असतो, टीव्हीची एचडीएमआय किंवा ऑप्टिकल वायर थेट लागते, ब्लूटूथ असतंच. जागा वाचते, जुळवाजुळव वाचते. तोटा एवढाच की आतली इलेक्ट्रॉनिक्स गेली तर अख्खा स्पीकर दुरुस्तीला जातो. साधा पॅसिव्ह स्पीकर वीस वर्षं काही मागत नाही.

जाहिरातपत्रातल्या बाकीच्या ओळी झटपट वाचा. "४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" याच्यापुढे अधिक-उणे तीन डेसिबल असं लिहिलेलं नसेल तर त्या ४० ला काही अर्थ नाही. बायवायरिंग, म्हणजे एका स्पीकरला दोन-दोन वायरी, विसरा. सोन्याचा मुलामा वगैरे विसरा.

ऐकायला जाताना

आता दुकान. ठाण्यात आणि वाशीत शोरूम आहेत, पण एका दिवसात चार-सहा जोड्या ऐकायच्या तर अजूनही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा, फेरा पडतो. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. वाशीकरांनी कुर्ल्याला बदलून दादर. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी रस्त्यावर इतका गोंगाट असतो की कान ऐकायच्या मनःस्थितीत राहत नाही. रजा टाकून एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी जा. आधी फोन करून सांगितलंत तर ऐकण्याची खोली रिकामी मिळते.

स्वतःचं गाणं घेऊन जा, तेही पाठ असलेलं. पेन ड्राइव्हवर चांगल्या प्रतीचं, मोबाइलवर आलेलं फॉरवर्ड नको. चार तुकडे पुरतात. पहिला, नुसता माणसाचा आवाज आणि तानपुरा. दुसरा, भजन किंवा अभंग, ज्यात पखवाज आणि टाळ दोन्ही आहेत. टाळ ही ट्वीटरची सगळ्यात कठीण परीक्षा. चांगल्या स्पीकरवर टाळ पितळेचा वाजतो, वाईटावर तळणीतल्या पापडासारखा. तिसरा, ढोलकी. थाप पडली की तिचा आवाज थांबतो का, की पुढच्या थापेत मिसळतो? चौथा, मराठी बोलणं, एखादं कथाकथन किंवा जुन्या नाटकाचं ध्वनिमुद्रण. बोलण्यात स्पीकर लबाडी करू शकत नाही, कारण माणूस कसा बोलतो ते आपण जन्मापासून ऐकतोय. "स" आणि "श" टोचतात का, बाप्याचा आवाज पिंपातून येतो का, लगेच कळतं.

खरा आवाज कसा असतो याची आठवण ताजी हवी. ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहातलं गाणं कितीही रंगलं तरी ते माइकमधूनच येतं. त्यापेक्षा जवळच्या देवळातल्या भजनाला, पखवाजापासून पाच फुटांवर, अर्धा तास बसून या. मग दुकानात जा.

आम्ही गेलो त्या दुकानात मुलगा चटपटीत होता. त्याने त्याची डेमोची सीडी लावली: परदेशी बाई, एक गिटार, भरपूर प्रतिध्वनी. या रेकॉर्डिंगवर सगळंच छान वाजतं, म्हणून तर ते डेमोला असतं. मेहुणा डोलायला लागला. मी आमचा अभंग लावायला सांगितला. दोन बुकशेल्फ आलटून पालटून ऐकले, महागडा स्पष्टपणे सरस वाटला. मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या काळ्या डब्याकडे गेलं, त्यावर निळा दिवा लागला होता. सबवूफर चालू. तो बंद करायला लावला. मोबाइलवर डेसिबल मोजायचं फुकटचं अ‍ॅप असतं, ते सोफ्यावर ठेवून बघितलं तर महागडी जोडी जवळजवळ तीन डेसिबल मोठ्याने लावलेली. दोन्ही एकाच पातळीवर आणल्यावर मेहुणा गप्प झाला. मग म्हणाला, "मला तर स्वस्तातलाच बरा वाटतोय." कानाची खोडच आहे, एका डेसिबलने मोठं असलेलं त्याला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. पातळी सारखी केल्याशिवाय केलेली तुलना फुकट.

दुकानदारावर राग धरायचं कारण नाही, तो विकायलाच बसलाय. फक्त तीन गोष्टी न लाजता मागा: सबवूफर बंद, टोन कंट्रोल सपाट आणि तुमच्या अ‍ॅम्पच्या तोडीचा अ‍ॅम्प. आणि प्रत्येक जोडी निदान वीस मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत जो स्पीकर "वा!" म्हणायला लावतो, त्याचे वरचे स्वर बरेचदा चढवलेले असतात. घरी तासाभराने डोकं दुखतं.

नावांचं काय

सगळ्यांना नावं हवी असतात, म्हणून थोडक्यात. यॉर्कशायरची व्हार्फडेल १९३२ ची, तिचे स्पीकर मवाळ स्वभावाचे, आपल्या टाइल्सवाल्या हॉलला सोसतात. अमेरिकेतल्या आर्कान्सामधली क्लिप्श १९४६ ची, तिचा ट्वीटर भोंग्याच्या तोंडात बसवलेला असतो. सेन्सिटिव्हिटी जास्त, छोट्या अ‍ॅम्पवरही मोठ्याने वाजतात, पण टाळीला शेपटी असलेल्या खोलीत मी ते जपूनच घेईन. इंग्लंडची केईएफ १९६१ ची. वूफरच्या मधोमध ट्वीटर बसवायची तिची यूनी-क्यू रचना १९८८ पासूनची. तिचा फायदा असा की सोफ्यावर चौघे पसरून बसले तरी कडेच्या माणसालाही गाणारा मधेच ऐकू येतो. डेन्मार्कची डाली आहे, आणि आपल्या कोलकात्याची सोनोडाइन आहे, जिचे स्टुडिओ मॉनिटर नावाजलेले आहेत. ही माझ्या कानाची मतं, तुमचा कान वेगळं बोलला तर त्याचं ऐका.

पैशांची वाटणी करताना मी निम्म्याहून जास्त स्पीकरवर टाकतो, कारण आवाजात सर्वांत मोठा फरक स्पीकर आणि खोली यांनीच पडतो. वापरलेले स्पीकर घ्यायला घाबरू नका, पॅसिव्ह असतील तर विशेषच. फक्त घरी जाऊन वाजवून घ्या, जाळी काढून कडा बघा, ट्वीटरला पोराने बोट घालून खळगा पाडलाय का बघा. ऑनलाइन घेताना भारतातली वॉरंटी आहे ना ते बिलावर बघा. अमेरिकेहून कोणी अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आणून देत असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का हे आधी विचारा, नाहीतर लावताक्षणी धूर निघेल.

घरी आल्यावर

वायर साधी तांब्याची घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दीड स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल वायर पंधरा-वीस फुटांपर्यंत छान चालते. स्पीकर वायर म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पारदर्शक वायरी बघताना एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियम आहे, तांब्याचा नुसता मुलामा. खाडीकाठी, म्हणजे वाशी, ऐरोली, कळवा, कोलशेत इथे खारी दमट हवा वायरची उघडी टोकं काळी पाडते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टोकं कापून नव्याने सोला आणि टर्मिनल घट्ट करा. पावसाळ्याचे चार महिने स्पीकर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरली की एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं, खोकं तळातून फुगतं आणि ते पुन्हा बसत नाही. पावसाळ्यात रोज थोडा वेळ वाजवत राहा.

जागेवर ठेवल्यावर दोन्ही स्पीकर कानाकडे जरा वळवा. पूर्ण वळवल्यावर टोचत असतील तर थोडे सैल सोडा. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर निदान फूटभर पुढे ओढा, डग्गा लगेच मोकळा होतो. एकेक बदल करा, एक दिवस ऐका, मग पुढचा.

सबवूफर हवाच असेल तर तो सहा महिन्यांनी घ्या, आधी स्पीकर समजू द्या. आणल्यावर त्याची जागा शोधायची जुनी युक्ती आहे. सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवून वाजवायचा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर बसवायचा. बायको-मुलं हसतात, हसू दे. खाली जाड रबराचे तुकडे द्या, जमिनीला थेट टेकवू नका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण खालच्या मजल्याला त्रास होतो तो स्लॅबमधून उतरणाऱ्या खर्जाचा, आणि तो दुपारी तीनलाही होतो. आणल्याच्या दिवशी स्वतःच खाली जाऊन विचारून या.

मेहुण्याने शेवटी साडेपाच इंची वूफरचे, पुढे पोर्ट असलेले बुकशेल्फ घेतले. त्याच्या मूळच्या तीन मॉडेलांपैकी एकही नव्हतं ते. गोधड्यांच्या जागी सतरंजी आली. पहिल्या संध्याकाळी त्याने मोठ्या हौसेने ढोलकी लावली. सासूबाईंनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, यावर माझी मालिका दिसते का? टीव्हीचा आवाज स्पीकरवर वळवून दिल्यावर त्यांनी रिमोट घेतला, नेहमी तिशीवर असणारा आकडा अठरावर आणला आणि म्हणाल्या, "आता शब्द कळतात."

एवढं झाल्यावर खोकी भंगारवाल्याला देऊ नका. थर्माकोलच्या साच्यासकट माळ्यावर टाका. वॉरंटीत पाठवायची वेळ आली किंवा पुढे विकायचे झाले तर मूळ खोक्याशिवाय कुरिअरमध्ये कोपरे फुटतात. माझे टॉवर निम्म्या किमतीत गेले त्याचं हेही एक कारण होतं, त्यांची खोकी मी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकली होती.